लेकीचे टाके

शर्टाच्या एका बाहीला इस्त्री झाली होती, दुसरी मेजाच्या कडेवरून लोंबत होती, तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि फोन उघडला. वर्गातल्या बडबडीने फोटो पाठवला होता. त्या मुलीला सगळा वर्ग बडबडी म्हणे आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. फोटोखाली तिने लिहिलं होतं, ‘काकू, आपल्या मॅडमचा निबंध मोठ्या परिषदेत निवडला गेला! निमंत्रणावर काय छापलंय बघा! आपलं पांघरूण!’

फोटोत एका जुन्या कापडाचा कोपरा होता. मुळात तळहातापेक्षा लहान, पण इतका मोठा करून छापलेला की धागान् धागा मोजून घ्यावा. कापडाची उसवलेली कड आणि ती सांधणारे तीन टाके. तिन्ही डावीकडे कललेले. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘लेकीचे टाके. एका पांघरुणातल्या दोन पिढ्या.’

काकूंनी फोन उलटा करून मेजावर ठेवला.

सासूबाई खिडकीपाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, गुडघे कधीच गेलेले, पण दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून नजर अशी तल्लख की समोरच्या इमारतीत कुणी कुणाचे कपडे वाळत घातले तेही सांगतील.

“काय आलंय एवढं? इकडे दाखव.”

“काही नाही, आई. कॉलेजचं आहे.”

“कॉलेजचं असलं तर मला काय, काळं अक्षर दिसत नाही? दे इकडे.”

त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, मग मान वर केली. “अगं, हे तर तुझे टाके.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरीच कसं? पंचवीस वर्षं माझ्या उशांना आणि माझ्या लेकाच्या खिशांना हेच टाके बघतेय मी. सगळ्या जगाची सुई उजवीकडे जाते, तुझी तेवढी डावीकडे. हे कुठल्या कापडावर घातलेस?”

काकूंनी फोन परत घेतला आणि दुसरी बाही इस्त्रीखाली ओढली.  खरं उत्तर एकच होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडलं असतं तर दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात गेलं असतं. तोंडी परीक्षेला आठ दिवस राहिले होते.

काकू म्हणजे खरं तर कुणाच्याच काकू नव्हत्या. मुलगा नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेला आणि दुपारी घर खायला उठायला लागलं, तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कला-इतिहासाच्या एम.ए.ला अर्ज केला. खास विषय संग्रहालयशास्त्र. वर्गात बाकी सगळी बाविशी-तेविशीची पोरं. पहिल्याच दिवशी कुणीतरी “काकू, जरा सरका ना” म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी नवऱ्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला होता. “कला समजू शकतो, इतिहास समजू शकतो. पण जुन्या वस्तू सांभाळायला एम.ए. कशाला लागतं? आपल्या घरात काय कमी आहेत? मी आहे, आई आहे.” हा विनोद त्याला इतका आवडला की पुढची दोन वर्षं पाहुणा आला की तो सांगायचा. काकू दर वेळी हसायच्या. न हसून सांगतील कुणाला?

प्रवेशाच्या मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, “घर सांभाळून हे झेपेल का तुम्हाला?” काकूंची मान खाली गेली. तेव्हा विभागाच्या मॅडम, काकूंच्याच वयाच्या, केस बारीक कापलेल्या, बोलायला फटकळ, त्या म्हणाल्या, “घर सांभाळणाऱ्या बाईला वस्तू सांभाळायला शिकवावं लागत नाही. बाकीच्यांना शिकवता शिकवता माझा जीव जातो.” त्या एका वाक्यावर काकूंचा प्रवेश झाला. त्या दिवसापासून रोज सकाळी देवापुढे हात जोडताना घरच्यांचं मागून झालं की त्या मॅडमसाठीही मागायच्या. यांचं भलं कर. यांच्या हाताला यश दे. हे मागणं त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही, आणि कडू एवढंच की देवाने ते ऐकलं.

विभागाच्या मागच्या अंगाला संग्रहालय, आणि संग्रहालयाच्या तळघरात भांडार. तिथे भांडारपाल काकांचं राज्य. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. शाईचं पेन आत न्यायचं नाही, पाण्याची बाटली न्यायची नाही, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवायच्या. मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतं: ‘वस्तूला हात लागला की कागदाला हात लागला पाहिजे.’ म्हणजे असं, की प्रत्येक वस्तूचं एक नोंदपत्र असतं. तिला कुणी, कधी, काय केलं, धूळ पुसली, घडी मोडली, टाका घातला, सगळं त्यावर तारखेनिशी चढवायचं. न लिहिता केलेली गोष्ट ही त्या शास्त्रात चोरीसारखीच. वस्तू खोटं बोलत नाही, माणूस तिच्याकडून बोलवून घेतो, असं मॅडम म्हणायच्या, आणि काकू ते वहीत लिहून घ्यायच्या.

काकूंच्या वाट्याला प्रबंधासाठी एक पांघरूण आलं. सत्तर वर्षांपूर्वी कपडे धुणाऱ्या एका कुटुंबाने दिलेलं. जुन्या चादरींचे चार थर एकावर एक ठेवून शिवलेले, वर लाल-निळ्या धाग्याचे पक्षी. एकही पक्षी दुसऱ्यासारखा नाही. एकाला तर तीन पाय. वर्गातल्या पोरांना दगडी मूर्ती, चित्रं, तलवारी मिळाल्या होत्या. त्यांनी काकूंची थट्टा केली, “काकू, तुम्हाला कॉलेजातही अंथरुणंच का!” पण काकूंना ते पांघरूण पहिल्या दिवसापासून कळत गेलं. कुठला थर आधी धोतराचा होता, कुठे रात्रभर ओल राहून पिवळा डाग पडला, पायाकडची बाजू कुठली आणि डोक्याकडची कुठली. हे सगळं त्यांनी कुठलंही पुस्तक न उघडता सांगितलं, आणि मॅडमनी भर वर्गात सांगितलं, “ऐका. याला म्हणतात बघणं.”

प्रदर्शनासाठी त्या पांघरुणाला मागून नवं अस्तर लावायचं होतं, म्हणजे भिंतीवर टांगताना सगळा भार अस्तरावर पडतो, मूळ कापडावर नाही. हेच काकूंचं प्रात्यक्षिक. अस्तराचा धागा मूळ रंगाशी मिळावा म्हणून त्यांनी नऊदा रंगवला. नवव्या वेळी असा मिळाला की भिंगातूनही फरक सांगता येईना. भांडारपाल काका म्हणाले, “ताई, एवढा मिळवू नका. पुढच्याला कसं कळणार नवं कुठलं?” काकू हसल्या. नोंदपत्र असतंच ना, म्हणाल्या.

आणि मग ती दुपार. बेचाळीस टाके अस्तराला घालून झाले होते. शेवटचा कोपरा आत दुमडलेला होता, कित्येक वर्षांचा. काकूंनी पुस्तकात दिलं होतं तसं वाफेने ओलसर करून तो हळूहळू उलगडला. आतली कड बोटभर उसवलेली निघाली. सुई हातात होती, धागा ओवलेला होता. घरी सासूबाईंच्या औषधाची वेळ टळत चालली होती आणि डोक्यात तेच घोळत होतं. उसवलेली कड समोर आली की ज्या हाताने पंचवीस वर्षं तिचं एकच काय ते केलं, त्या हाताने तेच केलं. एक, दोन, तीन. धागा दातांनी तोडायला त्या खाली वाकल्या, तेव्हा कुठे भानावर आल्या.

अस्तराला नव्हे, मूळ कापडाला टाके घातले होते!

उसवायला पाच मिनिटंही लागली नसती. पण घाईत जुना धागा कापला गेला तर? उद्या सकाळी, नीट उजेडात, असं ठरवून त्यांनी पांघरूण पेटीत ठेवलं. नोंदपत्रावर ‘अस्तरास बेचाळीस टाके’ एवढंच लिहिलं. उसवायचेच आहेत तर ते तीन कशाला लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचल्या तर पेटी रिकामी. प्रदर्शनाचा फोटोग्राफर एक दिवस आधीच आला होता. चार दिवस फोटो, मग सासूबाईंचा गुडघा, मग लेखी परीक्षा. आज सांगू, उद्या सांगू, यात दीड महिना गेला.

आणि एका सकाळी मॅडम भांडारात भिंग घेऊन त्या कोपऱ्यावर वाकलेल्या. “इकडे या! तुम्ही हे पाहिलंत? सगळं भरतकाम उजव्या हाताचं आहे. हे तीनच डाव्या हाताचे. म्हणजे ही दुसरी बाई. नंतरची. आईने शिवलं आणि लेकीने दुरुस्त केलं! जुन्या फोटोत हा कोपरा दुमडलेला आहे, म्हणून आजपर्यंत कुणालाच दिसलं नाही.” मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. या बाईच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. “दिसतंय ना तुम्हाला?”

काकू म्हणाल्या, “हो.”

एवढंच म्हणाल्या. पाप म्हणावं तर हेच. तीन टाके हातून झाले होते, पण तो ‘हो’ त्यांनी स्वतः म्हटला होता.

मॅडमनी महिन्याभरात निबंध लिहिला. काकूंना वाचायलाही दिला. त्यात एक वाक्य होतं: ‘या तीन टाक्यांत जी निगुती आहे ती कुणी शिकवून येत नाही.’ काकूंनी न्हाणीघराचं दार लावून ते वाक्य दोनदा वाचलं. त्यांच्या शिवणाला पंचवीस वर्षांत कुणी निगुतीचं म्हटलं नव्हतं. क्षणभर फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली.

आता त्या टाक्यांचं निमंत्रण छापून आलं होतं.

संध्याकाळी चहाला नवरा बसला तेव्हा सासूबाईंनीच वाचा फोडली. “तुझ्या बायकोने सरकारी पांघरुणाला टाके घातलेत. आणि कुठल्या तरी मेलेल्या बाईच्या नावावर खपतायत.” मग काकूंना सगळं सांगावं लागलं. नवऱ्याने बिस्कीट चहात बुडवलं, ते अर्धं तुटून आत पडलं.

“कुणाला माहीत आहे?”

“आईंना. तुम्हाला. मला.”

“मग झालं तर. गप्प बस. आठ दिवसांनी परीक्षा आहे. पास हो, कागद घे, घरी ये. तीन टाक्यांनी कुणाचं काय वाकडं झालंय?”

“खोटं आहे हो ते. उद्या पुस्तकात जाईल. शंभर वर्षांनी कुणीतरी वाचेल.”

“शंभर वर्षांनी तू असशील का मी असेन?”

“देव असेल ना.”

नवरा हसला. “देवाला एवढी कामं असताना तो तुझं शिवण बघत बसलाय!”

सासूबाई कपातला गाळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, “सांगायचं असेल तर लवकर सांग. वाट बघत बसलीस तर तुझं खरं शिळं होईल.” त्यांचं बोलणं नेहमीच तिखट असे. त्या दिवशी त्यात आणखी काय होतं ते काकूंना नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू मॅडमच्या खोलीत गेल्या. भिंतीला कपाटं, कपाटांत पुस्तकं, खुर्चीवरही पुस्तकं. बसायला जागा नव्हती, म्हणून सगळं उभ्यानेच सांगितलं. मधे एकदाही थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर परत सुरू झालं नसतं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “तुम्ही डावखुऱ्या आहात?”

“हो.”

“मी तुम्हाला लिहिताना कधी डाव्या हाताने पाहिलं नाही.”

“लिहिते उजव्याने. शाळेत मारून शिकवलं. सुई डाव्याने धरते.”

मॅडम खिडकीकडे वळल्या.  मग अगदी मऊ आवाजात, जो काकूंनी याआधी कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, “तुम्ही दमला आहात. परीक्षेचा ताण आहे. त्या दिवशी तुम्ही बेचाळीस टाके घातलेत. त्यातले दोन-तीन त्या कोपऱ्याजवळ होते. आता तुम्हाला वाटतंय की तेच हे.”

“वाटत नाही, मॅडम. मी घातलेत.”

“नोंदपत्रावर आहेत?”

“नाहीत.”

“मग?” मॅडमनी दोन्ही हात पसरले. “वस्त्र-विभागात सहायकाची जागा निघतेय, हे तुम्हाला माहीत आहे. मी तुमचं नाव सुचवणार होते. अजूनही सुचवेन. तुम्ही आत्ता काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. जा. परीक्षेची तयारी करा.”

ही ती मॅडम, जिने बाकीच्यांच्या तोंडावर काकूंची बाजू घेतली होती. काकू जिना उतरल्या. खाली मान घालून त्या सरळ तळघरात गेल्या.

“काका, पांघरुणाचं नोंदपत्र हवंय.”

भांडारपालांनी फाईल काढून दिली आणि पेन्सिल पुढे केली. काकू म्हणाल्या, “काका, तो कोपरा तुम्ही आधी कधी पाहिला होता?”

“पाहिला होता म्हणजे? दुमडला कुणी? मीच. तळघरात पाणी शिरलं होतं त्या वर्षी. कड उसवलेली होती, आणखी उसवू नये म्हणून आत घेतली.”

“टाके होते?”

“नव्हते. उघडीच होती.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. “हे तुम्ही सांगाल?”

भांडारपालांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. “ताई, मला वस्तू किती आहेत ते विचारतात. कशा आहेत ते मला कुणी विचारत नाही. आणि एक सांगतो. या कागदावर जे लिहाल ते मी फाडत नाही, कुणी सांगितलं तरी. तेव्हा विचार करून लिहा.”

काकूंनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं: ‘वरील तारखेस खालच्या उजव्या कोपऱ्यात मूळ कडेस तीन टाके माझ्या हातून अनवधानाने घातले गेले. हात सवयीने चालला. त्याच दिवशी नोंद केली नाही, ही माझी चूक.’ खाली सही. सही करताना त्यांना फार हलकं वाटलं. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं, तरी नवऱ्याने बोललेलं लागलं नाही.

त्यानंतर सातव्या दिवशी तोंडी परीक्षा. लांबलचक मेज, पलीकडे मॅडम, विभागातले एक सर आणि बाहेरून आलेले परीक्षक, उंच, हसऱ्या चेहऱ्याचे. मेजावर पांघरुणाची पेटी. ती भांडारपालांनी आणून ठेवली होती आणि तेही रीतीप्रमाणे दाराशी उभे होते. वस्तू जिथे जाईल तिथे भांडारपाल.

परीक्षकांनी नोंदपत्र चाळलं आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. “हे तीन टाके म्हणजे तेच का, निमंत्रणावरचे?”

काकूंनी तोंड उघडायच्या आत मॅडम बोलल्या. शांत, वर्गात बोलतात तशाच. “होय. फार दुःखाची गोष्ट आहे. विद्यार्थिनीने मूळ टाक्यांच्या जागी स्वतःचे टाके घातले. जुनी भोकं तीच आहेत, दिशा तीच आहे, बदलला तो फक्त धागा. मूळ धागा बहुधा जीर्ण झाला होता, हाताळताना गेला. एका अज्ञात स्त्रीचा एकमेव पुरावा आपण गमावला. निबंधात मी तशी तळटीप घालते आहे.”

काकूंना आधी कळेचना की ही त्यांच्याबद्दल बोलतेय. मग त्या म्हणाल्या, “नाही, सर. तिथे आधी धागा नव्हताच. कड उघडी होती.”

“तुम्ही इथे लिहिलंय,” मॅडमनी कागद आपल्याकडे ओढला, “‘हात सवयीने चालला.’ म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं?”

“नव्हतं.”

“टाके घालून होईपर्यंत तुम्हाला कळलंही नाही?”

“नाही कळलं.”

“मग तिथे आधी धागा होता की नव्हता, हे तुम्हाला कसं आठवतं?”

काकूंनी दाराकडे पाहिलं. भांडारपाल काका जुडग्यातली एक किल्ली अंगठ्याने घासत होते. खूप मन लावून, जशी काही तिच्यावरच सगळा गंज चढला होता. परीक्षकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलंही, पण पाण्याचा ग्लास भरून द्यायला सांगण्यासाठी. काकांनी ग्लास भरून दिला.

“धाग्याची तपासणी करता येईल का?” विभागातल्या सरांनी विचारलं.

“तपासणीत विद्यार्थिनीचाच धागा सापडेल, सर. मूळ उरलाय कुठे?”

काकू म्हणाल्या, “मॅडम, मी तुमच्या खोलीत येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात की...”

“काय म्हणाले मी?”

मॅडम सरळ काकूंच्या डोळ्यांत बघत होत्या. त्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. दरवाजा लावून घेतल्यावर आतल्या माणसाला बाहेरचं नुसतं दिसतं, तसं बघणं.  ‘तुम्ही म्हणालात, मी काही ऐकलं नाही,’ हे सांगून कुणाला पटलं असतं? त्या गप्प झाल्या, आणि मेजापलीकडच्या तिघांनी ते गप्प होणं आपापल्या कागदावर लिहून घेतलं.

परीक्षक जाताना दारात थांबले. भला माणूस होता. म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतःहून कबूल केलंत, हे कौतुकाचं आहे. पण आमच्या क्षेत्रात हात आवरावा लागतो.”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण. कारण: ‘संग्रहातील वस्तूवर अनधिकृत हस्तक्षेप, परिणामी मूळ पुराव्याचा नाश.’ अशा कारणाने अनुत्तीर्ण झालेल्यास प्रात्यक्षिक पुन्हा देता येत नाही, हे नियमाचा क्रमांक देऊन खाली लिहिलं होतं. म्हणजे पदवी गेली. या वर्षापुरती नव्हे, कायमची. नवऱ्याने पत्र वाचलं.  जुन्या वस्तूंचा विनोद त्याने त्यानंतर कुणालाच सांगितला नाही. काकूंना वाटलं, सांगितला असता तर बरं झालं असतं.

बडबडीचा फोन आला. नेहमीसारखी भरभर बोलेना. “काकू, आम्हाला सगळ्यांना फार वाईट वाटलं. पण काकू, खरं सांगा हं, तुम्ही तो जुना धागा फेकून दिलात का हो?”

“जुना धागा नव्हताच गं.”

“हो, हो. तसंच असेल.” थोडं थांबून ती म्हणाली, “त्या वस्त्र-विभागातल्या जागेसाठी मॅडमनी माझं नाव दिलंय. तुम्हाला राग नाही ना आला?”

“नाही गं. छान झालं,” काकू म्हणाल्या, आणि देवाशप्पथ, त्यांना खरंच राग आला नाही. राग यायला अंगात जेवढं काही शिल्लक लागतं, तेवढं तेव्हा नव्हतं.

प्रदर्शन उघडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच गेल्या. भांडारपाल काका दाराशी भेटले. नजर टाळून म्हणाले, “ताई, मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

“हो काका.”

“कुणी विचारलंच नाही.”

“मी विचारलं होतं,” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

पांघरूण काचेआड, मधल्या दालनात, सगळ्यात चांगल्या उजेडात. काकूंनी लावलेलं अस्तर भार झेलत होतं. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. पाटीवर लिहिलं होतं: ‘आईचे पक्षी, लेकीचे टाके.’ खाली बारीक अक्षरांत: ‘लेकीचे मूळ टाके अलीकडच्या काळात एका विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाले. सध्याचे टाके त्यांची नक्कल आहेत.’

काचेपुढे एक बाई आपल्या लहान मुलीला उचलून दाखवत होती. “ते बघ, कोपऱ्यात. तिथे तिच्या मुलीने शिवलं होतं.”

“कुठे गेले ते?”

“कुणीतरी बिघडवले गं.”

“का?”

“काळजी नाही घेतली ना.”

काकू बाजूला सरकल्या, त्यांना नीट दिसावं म्हणून.

घरी आल्या तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी विचारलं, “काय लिहिलंय तिथे?” काकूंनी शब्दन् शब्द सांगितला. म्हातारीने पायांवरची चादर ओढून घेतली. मग म्हणाली, “नक्कल म्हणे! स्वतःच्या हाताची कुणी नक्कल करतं का? बघायला डोळे हवेत मेल्यांना.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपून घेतलं.

काकू देवापुढे बसल्या. घरच्यांसाठी मागून झालं, मुलासाठी मागून झालं. मॅडमची पाळी आली तेव्हा थांबल्या. मागावं तरी जीभ वळेना, आणि वगळावं तर दोन वर्षांची सवय मोडते. तशाच बसून राहिल्या. वाईट चिंतलं नाही, चांगलंही मागता आलं नाही. शेवटी नुसतेच हात जोडून उठल्या.

विभागाच्या कार्यालयातून कळवलं होतं की भांडाराचा पास आणि ओळखपत्र महिनाअखेरच्या आत परत करावं, त्याशिवाय मूळ कागदपत्रं मिळणार नाहीत. उद्या अकरा वाजता काकूंना पास आणि ओळखपत्र तिथे नेऊन द्यायचं आहे आणि शाळेचा दाखला परत घ्यायचा आहे.